अंतरपाटामागचा पीसी

“खेळणं आहे हो ते, शेट,” मी म्हणालो आणि चहा बशीत ओतला.

एवढ्या एका वाक्यात मी एका मुलीचा धंदा सुरू व्हायच्या आधीच बंद पाडला आणि स्वतःची ऑर्डरही घालवली. तेही समोरच्याच्या घरचा चहा पीत. हे मला कळलं दोन दिवसांनी. माझं डोकं जुनं मॉडेल आहे, चालू व्हायला वेळ घेतं.

शेट म्हणजे दामूशेट म्हात्रे. कल्याणहून मोहन्याकडे जाताना त्यांचा लग्नाचा हॉल लागतो. वरच्या मजल्यावर लग्न लागायचं, खाली पंगत बसायची. आता लोकांना लग्न लॉनवर करायचं असतं, नाहीतर वरच्या वरच बुफे उरकायचा असतो. त्यामुळे खालच्या हॉलमध्ये हल्ली फक्त खुर्च्या बसतात, एकमेकींच्या मांडीवर.

शेटची मुलगी मानसी ठाण्याला एका इव्हेंट कंपनीत नोकरीला होती. तिने ठरवलं, नोकरी सोडायची आणि या खालच्या हॉलमध्ये गेमिंग झोन काढायचा. सोफे, मोठे टीव्ही, प्रत्येक टीव्हीला एक कन्सोल. पोरांनी यावं, तासाचे पैसे द्यावेत, खेळावं, वाढदिवस करावेत. सोफ्याच्या कापडाच्या रंगापर्यंत तिचं सगळं ठरलं होतं. अडचण एवढीच होती की त्याच हॉलवर एका कोचिंग क्लासवाल्या सरांचा डोळा होता. सर बाकं टाकून मोकळे होणार होते आणि भाडं दर महिन्याला घरपोच देणार होते.

शेट मुलीला म्हणाले, “ज्याला त्यातलं कलतं त्याला आदी इचारतो, मंग सांगतो.”

ज्याला त्यातलं कळतं तो मी.

डोंबिवली पूर्वेला मानपाड्याला माझं दुकान आहे. मी गेमिंग पीसी असेंबल करून विकतो. असेंबल म्हणजे प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, रॅम असे सुटे भाग आणायचे, काचेच्या पेटीत जोडायचे आणि आत रंगीत दिवे लावायचे. दिव्यांचा मशीनच्या वेगाशी काही संबंध नसतो. भावाशी असतो. शेटच्या हॉलचे सीसीटीव्ही मी बसवलेले, त्यामुळे वायर असलेल्या कुठल्याही वस्तूबद्दल त्यांचा माझ्यावर विश्वास. एकदा त्यांनी मला मिक्सरबद्दलही विचारलेलं. मी उत्तरही दिलेलं.

“सावंत, ही पोरगी बोलते ती मशीन कशी हाय?” शेटनी विचारलं.

शहाणा माणूस आधी विचारेल, कशासाठी हवीय? कोण खेळणार, कुठे बसून? मी विचारलं नाही. कन्सोल हा शब्द ऐकला की आम्हा पीसीवाल्यांच्या तोंडातून भाषण आपोआप सुरू होतं. शिंक आल्यासारखं.

आता वाचकांसाठी थोडक्यात. कन्सोल म्हणजे टीव्हीला जोडायची बंद पेटी. तिच्यात प्रोसेसर आणि चित्र काढणारा भाग, म्हणजे ग्राफिक्स, एकाच चिपवर राहतात आणि दोघांत मिळून एकच मेमरी वापरतात. एकत्र कुटुंब. पीसीत दोघांची चूल वेगळी. ग्राफिक्स कार्डाला स्वतःची मेमरी, स्वतःचे पंखे, खायला भरपूर वीज. नवं कार्ड आलं की जुनं काढून ते बसवता येतं. कन्सोलमध्ये काही बदलता येत नाही. पण कन्सोल बनवणारी कंपनी मशीन कमी फायद्यात विकते आणि पुढे गेममधून वसूल करते, म्हणून ती पेटी स्वस्त पडते. मी मशीनमधूनच वसूल करतो. माझा नाइलाज आहे, मी गेम बनवत नाही.

हे एवढंच सांगितलं असतं तर सगळं सुरळीत झालं असतं. पण मी टेराफ्लॉप काढले.

एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी गणितं. कुठली चिप किती टेराफ्लॉपची, हे आम्ही पाढ्यांसारखं पाठ करतो. खरं म्हणजे दोन वेगळ्या जातीच्या चिपांचे टेराफ्लॉप शेजारी ठेवून तुलना करण्यात फारसा अर्थ नसतो. हे मला माहीत होतं. शेटना माहीत नव्हतं, आणि मला तेवढं पुरेसं होतं.

“लाख कोटी गनितं?” शेट म्हणाले. “सेकंदाला?”

“एका टेराफ्लॉपला. अशी कितीतरी.”

“आनि येवढी गनितं करून करते काय?”

“गाडी पळवते. स्क्रीनवर.”

“आनि तुजी मशीन?”

“दुप्पट गणितं.”

“भाव?”

मी खाकरलो. “तोही साधारण... तसाच.”

“मंग पोरीची मशीन काय हाय?”

आणि मी ते वाक्य बोललो. चहा छान होता.

तिसऱ्या दिवशी मानसी दुकानात आली. मी एका पेटीत पंखा बसवत होतो. तिने हेल्मेट काउंटरवर आपटलं.

“सावंतदादा, तुम्ही बाबांना काय सांगितलंत?”

“जे खरं ते. पीसीची ताकद...”

“बाबा म्हणतात, स्वस्त आहे ते खेळणं आहे आणि खरं आहे ते परवडत नाही, मग क्लासच बरा. रविवारी संध्याकाळी सर टोकन घेऊन येतायत. मी नोकरीचा राजीनामा दिलाय, दादा!”

मी पंखा बाजूला ठेवला. माझ्या डोक्यात पहिल्यांदा उजेड पडला, की शेटना कन्सोल नको म्हणजे पीसी हवा, असं काही नसतं. दोन्ही नको, हाही पर्याय जगात असतो. आम्ही तुलना करणारे लोक तो नेहमी विसरतो.

“अगं, मी पीसी थोडा कमी भावात...”

“मला पीसी नकोयत! वाढदिवसाला आलेली दहा वर्षांची पोरं सोफ्यावर लोळत खेळणार. त्यांना कीबोर्ड काय द्यायचा?”

“पण चित्रातला फरक, मानसी. तो बघितला की शेट स्वतःच...”

“तुम्हाला कळतो फरक?”

मी हसलो. वीस वर्षं मशिनं जोडणाऱ्या माणसाला असं विचारल्यावर जसं हसतात तसं.

“मग असं करा,” ती म्हणाली. “रविवारी दुपारी तुमची सगळ्यात भारी मशीन हॉलवर आणा. मी माझा कन्सोल आणते. एकच गेम, सारखे टीव्ही, दोन्ही मशिनं झाकलेली. बाबांच्या समोर सोफ्यावर बसून तुम्ही सांगायचं, कुठला टीव्ही कोणाचा.”

“मी कशाला? शेट सांगतील ना.”

“बाबांनी एक्स्पर्ट म्हणून तुम्हाला बोलावलेलं. ओळखलंत तर मी गप्प. क्लास येऊ दे, नाहीतर तुमचे पीसी घेऊ दे, बाबांची मर्जी.”

नाही ओळखलं तर काय, हे मी विचारलंच नाही. उद्या सूर्य उगवला नाही तर काय, असं कोणी विचारतं का?

घरी उज्ज्वलाला सांगितलं. उज्ज्वला माझी बायको. ती बँकेत आहे, त्यामुळे समोरचा माणूस कितीही खात्रीने बोलला तरी तिचा विश्वास बसत नाही.

“अहो, नक्की ओळखता येतं ना तुम्हाला?”

“रोज बघतो मी हे.”

“रोज तुम्ही कोपऱ्यातला आकडा बघता.”

आकडा म्हणजे एफपीएस. स्क्रीनवरचं चित्र म्हणजे एकामागून एक पटापट दाखवलेले फोटो. सेकंदाला किती फोटो काढले, तो आकडा पीसीवाले कोपऱ्यात लावून ठेवतात. गेममधला माणूस मरत असला तरी आमची नजर त्या आकड्यावर. एकशे चाळीसचा एकशे अडतीस झाला तर रात्रभर झोप नाही.

“रविवारी मी पण येते,” उज्ज्वला म्हणाली. तिला हॉलमध्ये काही काम नव्हतं.

दुकानातली शोपीस मशीन उचलली. तिच्यातलं ग्राफिक्स कार्ड विटेपेक्षा मोठं आहे आणि भाव ऐकून लोक माझ्याकडे सहानुभूतीने बघतात. शीळ रस्त्याच्या खड्ड्यांत कार्ड सैल होतं, म्हणून गाडीच्या मागच्या सीटवर मशीनला उशी लावून बेल्टने बांधलं. पत्री पुलापर्यंत दर खड्ड्याला मी मागे वळून विचारपूस केली. उज्ज्वला पुढे बसलेली. तिला बेल्ट लाव म्हणून सांगायचं राहिलं, हे तिने पूल उतरल्यावर नमूद केलं.

खालच्या हॉलमध्ये खुर्च्या एका बाजूला सारलेल्या. वरच्या लग्नाचे विधी खाली जेवणाऱ्यांना दिसावेत म्हणून शेटनी पूर्वी दोन मोठे टीव्ही घेतलेले, एकाच दुकानातून, एकाच दिवशी. ते दोन टेबलांवर ठेवले होते. समोर वधूवरांचा सोफा, लाल मखमलीचा. मला त्यावर बसायचं होतं.

मानसीने कन्सोल जोडला, बटण दाबलं, गेम उघडला. झालं.

मी पीसी जोडला. विंडोजने अपडेट मागितलं. ते झाल्यावर ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरने मागितलं. मग गेमने. मग स्क्रीनवर आलं, शेडर तयार होत आहेत, तीन टक्के. शेडर म्हणजे कुठल्या वस्तूवर उजेड कसा पडायचा याच्या सूचना. प्रत्येक पीसीतलं कार्ड वेगळं, त्यामुळे त्या त्या पीसीवर नव्याने तयार कराव्या लागतात. कन्सोल सगळे एकसारखे, म्हणून तिथे आयत्या येतात.

“काय झालं?” शेटनी विचारलं.

“तयारी चाललीय.”

“नवरीपेक्षा जास्त येल लागतो तुज्या मशीनला.”

मानसीच्या आईने, म्हणजे काकींनी, तेवढ्यात तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकट वाढली. आम्ही जेवलो. काकींनी आग्रह करून अजून एक भाकरी वाढली. एकसष्ट टक्के. कन्सोल तोवर वाट बघून आपणहून झोपी गेला होता. तो मला ढोंगी वाटला.

शेवटी दोन्ही तयार झाली. मी पीसीतली सगळी सेटिंग्ज वरच्या टोकाला नेली. रंगीत दिवे बंद केले, नाहीतर कापडातून उजेड येऊन चोरी कळली असती. दिवे गेल्यावर माझी मशीन फेटा उतरवलेल्या नवरदेवासारखी दिसायला लागली. कोपऱ्यातला आकडाही मानसीने बंद करायला लावला. तरी माझी नजर त्या रिकाम्या कोपऱ्याकडेच जात राहिली.

“झाकायला काय घ्यायचं?” मानसीने विचारलं.

काकींनी हॉलच्या ट्रंकेतून दोन अंतरपाट काढून आणले. पांढरे, मधोमध कुंकवाचं स्वस्तिक. ज्यांची लग्नं घाईत ठरतात ते अंतरपाट आणायला विसरतात, म्हणून हॉलवर कायम ठेवलेले असतात. मानसीने मला आणि शेटना अंगणात पाठवलं, टेबलाखाली मशिनं हवी तशी ठेवली आणि दोन्ही टेबलांच्या कडेला अंतरपाट टाचण्या लावून सोडले. वर एक्झॉस्टचे मोठे पंखे घरघरत होते, त्यामुळे आवाजावरून काही समजणार नव्हतं. नंतर मीच हे कारण म्हणून वापरणार होतो.

आत येऊन मी लाल सोफ्यावर बसलो. माझ्या डावीकडे काकी, उजवीकडे उज्ज्वला. शेटनी मोडकी खुर्ची ओढून उजव्या टेबलाच्या अगदी जवळ, पाय लांब करून बैठक मांडली.

गेम गाड्यांचा. रात्रीची वेळ, नुकतं धुतल्यासारखे ओले रस्ते, दुकानांचे दिवे. मानसीने आधी डावीकडची गाडी काढली. ओल्या रस्त्यावर दुकानाची लाल पाटी उलटी उमटली आणि गाडी तिच्यावरून गेली तशी फुटून पसरली. झकास दिसलं. आणि माझ्या डोक्यात त्याच क्षणी हिशोब सुटला. झकास आहे, म्हणजे माझं आहे.

“थांब,” मी म्हणालो. “दुसरं बघायचीसुद्धा गरज नाही.”

“बघा तरी,” उज्ज्वला म्हणाली.

मी उभाच राहिलो. शिकवायची संधी आली की मी बसून राहू शकत नाही. “शेट, ही पाटी बघा. प्रकाशाचा एकेक किरण कुठे आपटतो, कुठे वळतो, ते मशीन मोजतेय. याला रे ट्रेसिंग म्हणतात. आता ही झाडाची पानं. एकेक पान सुटं आहे. याला लागते ती ताकद. याला म्हणतात मशीन!”

“बरं,” शेट म्हणाले.

मानसीने उजवीकडची गाडी त्याच रस्त्यावरून काढली.

“आता हे बघा,” मी म्हणालो. “पाटी आहे, नाही असं नाही. पण सावल्या? थरथरतायत. दिसतंय ना, काकी? बिचाऱ्या चिपला दम लागलाय. आणि लांबची इमारत बघा, जरा पुसट. मेमरी कमी पडते. एकत्र कुटुंब, सांगितलं ना मी, शेट. वाईट नाही, घरगुती आहे.”

घरगुती हा शब्द मी वापरला. उज्ज्वला साक्षीदार आहे. ती मला तो अजूनही वापरू देत नाही.

“मग फायनल?” मानसीने विचारलं. तिने घड्याळाकडे पाहिलं. सहा वाजता सर येणार होते आणि एव्हाना पाच वाजून गेलेले.

“फायनल. डावा पीसी, उजवा कन्सोल.”

“सावधान,” काकी पुटपुटल्या. सवयीने.

मानसीने डावीकडचा अंतरपाट ओढला. आत छोटी पांढरी पेटी, गुमान बसलेली. कन्सोल. मग तिने उजवीकडचा ओढला. काचेची पेटी, विटेहून मोठं कार्ड. दम लागलेली, थरथरणारी, घरगुती. माझी.

शेटनी लांब केलेले पाय मागे घेतले.

मग मी जे केलं त्याचं मला आजही कौतुक वाटतं. मी गुडघ्यांवर बसलो आणि टेबलाखाली शिरलो. पीसीच्या मागे टीव्हीची वायर लावायला दोन जागा असतात. एक ग्राफिक्स कार्डाची, एक मदरबोर्डाची, म्हणजे मूळ पाट्याची. वायर चुकून पाट्याला लावली तर ते महागडं कार्ड रिकामं बसून राहतं आणि चित्र फालतू दिसतं. नवशिके हमखास करतात ही चूक. मी गिऱ्हाइकांना यावरून फार हसलेलो आहे. टेबलाखाली अंधारात चाचपडताना मी मनापासून प्रार्थना करत होतो, की देवा, आज कोणाच्या तरी हातून ती चूक झालेली असू दे.

वायर कार्डालाच होती. घट्ट. सेटिंग्ज तपासली, सगळी वरच्या टोकाला. मशीन पूर्ण ताकदीने धावत होती. बिघाड काही सापडेना. माझ्याशिवाय.

“मिळाली का काय चूक?” शेटनी वरून वाकून विचारलं.

“नाही.” मी बाहेर आलो. डोक्याला टेबल लागलं. “शेट, यात टेक्निकल मुद्दा आहे. माझी मशीन सेकंदाला एकशे चाळीस फोटो काढतेय. पण हे टीव्ही सेकंदाला साठच दाखवू शकतात.”

“मंग बाकीचे ऐंशी कुठं जातात?”

एरवी मी या प्रश्नावर तासभर बोलू शकलो असतो. त्या दिवशी एकच शब्द सुचला. “वाया.”

“साठ मानसांची पंगत,” शेट सावकाश म्हणाले, “आनि एकशे चालीस ताटांचं जेवान. अरं, असा केटरर मी दारात उबा करत नाय.”

उज्ज्वला हसली. काकी हसल्या. मानसी हसली नाही. तिची नजर बापाच्या तोंडावर होती. मला कळलं, अजून काहीच ठरलेलं नाही. मी हरलो म्हणून ती जिंकली असं नव्हतं. शेट म्हणू शकत होते, दोन्ही सारखीच, म्हणजे दोन्ही खेळणी. आणि हे खेळणं प्रकरण तर मीच त्यांच्या डोक्यात भरवलेलं.

शेटनी तेच विचारलं. “मना एक सांग, सावंत. त्या दिवशी तू बोललास, खेलनं हाय. आज काय बोलतंस?”

डोळ्यांसमोर आमची न झालेली ऑर्डर तरळली. काचेच्या आठ पेट्या, दिवे लावलेल्या. अजूनही बोलता आलं असतं. टीव्ही जुने आहेत, नवे घ्या, वेगवान घ्या, मग बघा. खोटं तर त्यात काहीच नव्हतं. उज्ज्वला माझ्याकडे बघत होती, समोरचा कर्जाला पात्र आहे की नाही ते ठरवताना बघते तशी.

“मशीन आहे, शेट,” मी म्हणालो. “सोफ्यावरून, या टीव्हीवर, माझ्या मशीनइतकीच. मला फरक कळला नाही. जो काय कळला तो उलटा कळला.”

“म्हंजे निम्म्या भावात तेवडंच जेवान.”

“हो.”

“आनि पोरीला कलतं त्यातलं?”

“माझ्यापेक्षा जास्त. तिने आधी सोफा बघितला, मग मशीन. मी अजून सोफ्यापर्यंत पोचलेलो नाही.”

शेटनी फोन काढला आणि क्लासवाल्या सरांना लावला. “हां सर, दामूशेट. निघालाव का? निघू नका. हॉल खाली नाय. हां, पोरीचा धंदा हाय त्यात. नाय नाय, बाकं नकोत. सोफे हायत.”

मानसी मटकन त्या लाल सोफ्यावर बसली. काकींनी दोन्ही अंतरपाट घड्या घालून ट्रंकेत ठेवले आणि मला विचारलं, “भाऊ, चा घ्याल ना?” मी कप घेतला. बशी नको म्हणालो.

निघताना शेट गाडीपर्यंत आले. मशीनला बेल्ट बांधताना मी म्हणालो, “एक्झॉस्टचा आवाज होता म्हणून, नाहीतर माझ्या पंख्यांच्या आवाजावरून मी ओळखलं असतं.”

“आवाज कशाला पायजे? मना तं पयल्यापासून कललं व्हतं,” शेट म्हणाले. “मी उजवीकडं बसलेलो ना. कापडाखालनं पायावर गरम वारा येत व्हता. बोललो, लाख कोटी गनितं करनारा याच बाजूला घामाघूम झालेला दिसतो.”

“मग बोलला का नाही?”

“तू येवढा रंगात आलेलास. लगनात भटजीला मदी कोन थांबवतो?”

झोन सुरू झाला. कन्सोल मानसीने कल्याणच्या एका दुकानातून घेतले, मी विकतच नसल्यामुळे. टीव्ही भिंतींवर बसवायचं, वायरिंगचं आणि इन्व्हर्टरचं काम मला दिलं. पुढे दिवा स्टेशनकडची काही कॉलेजची पोरं यायला लागली. त्यांना नेमबाजीचे गेम माउसने खेळायचे होते, समोरच्याला अर्ध्या क्षणात टिपायचं होतं. तिथे मात्र एकशे चाळीस फोटोंचा खरोखर उपयोग होतो, स्क्रीन वेगवान असेल आणि तुम्ही हातभर अंतरावर नाक लावून बसला असाल तर. मानसीने एका कोपऱ्यात दोन पीसी मांडले. माझे. दिवे नकोत म्हणाली. भाव दिव्यांइतका कमी करून घेतला.

शेट आता येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याशी माझी ओळख करून देतात, “हे सावंत, आमचे एक्स्पर्ट,” आणि पाहुण्याने कशातले विचारलं की अंतरपाटांच्या ट्रंकेकडे बोट दाखवतात.

मीही सुधारलोय. दुकानात कोणी येऊन विचारलं, “कन्सोल भारी की पीसी?” तर मी आधी विचारतो, बसणार कुठे, बघणार कशावर, आणि खेळणार कोण? याची उत्तरं मिळाली की निम्म्या गिऱ्हाइकांना माझी गरज नाही, हे आम्हा दोघांनाही कळतं. धंद्याला ही पद्धत फार वाईट आहे. पण टेबलाखाली शिरावं लागत नाही.